साप्पोरोचा हिमोत्सव : बर्फ पाहावा कसा, खावं काय

जपानची सहल म्हटली की आपल्याकडे बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एप्रिलमधला चेरीचा बहर येतो. पण ज्यांना खाण्याची खरी आवड आहे आणि थंडीची भीती नाही, त्यांनी एकदा फेब्रुवारीत जपानच्या उत्तर टोकाच्या होक्काइदो बेटावर जावं, असं मी आग्रहाने सांगेन. तिथल्या साप्पोरो शहरात या महिन्याच्या सुरुवातीला हिमोत्सव भरतो. जपानीत त्याला ‘युकी मात्सुरी’ म्हणतात. साप्पोरोची वस्ती वीस लाखांच्या घरात, आणि वर्षभरात तिथे पडणारा बर्फ जवळजवळ पाच मीटर. इतकं मोठं शहर आणि इतका बर्फ हा योग जगात फार थोड्या ठिकाणी जुळतो. फेब्रुवारीत दिवसाही पारा शून्याच्या आसपास असतो आणि रात्री तो उणे सहा-सातपर्यंत उतरतो.

अशा हवेत आठ-आठ तास उघड्यावर हिंडायचा बेत आखून लोक येतात आणि दुसऱ्याच दिवशी गळून जातात. माझा सल्ला असा की बर्फ आणि जेवण यांचा बेत एकत्रच आखा. तास-दीड तास बाहेर, मग कुठेतरी आत बसून गरम काहीतरी पोटात, आणि मग पुन्हा बाहेर. होक्काइदोचं खाणं थंडीतूनच घडलं आहे. दात कडकडल्यावर ते तोंडात पडलं, की मगच त्याची खरी चव कळते.

उत्सवाची सुरुवात साधी होती. १९५० साली शहरातल्या शाळकरी मुलांनी ओदोरी पार्कमध्ये बर्फाच्या सहा मूर्ती केल्या. १९५५ पासून जपानच्या स्वसंरक्षण दलाचे जवान मदतीला आले आणि मूर्तींचा आकार प्रचंड वाढला. १९७२ च्या हिवाळी ऑलिंपिकचं यजमानपद साप्पोरोकडे होतं, तेव्हा हा उत्सव जगाला माहीत झाला. १९७४ पासून तिथे वेगवेगळ्या देशांच्या चमूंची हिमशिल्प स्पर्धाही होते. थायलंडसारख्या, जिथे बर्फ पडतच नाही अशा देशाच्या शिल्पकारांनी ती अनेकदा जिंकली आहे. दरवर्षी वीस लाखांच्या आसपास लोक उत्सवाला येतात. मूर्ती पाहायला तिकीट नाही.

तारखा वर्षागणिक थोड्या सरकतात, पण साधारण ४ फेब्रुवारीच्या सुमारास उत्सव सुरू होतो आणि ११ फेब्रुवारीला संपतो. ११ तारखेला जपानात राष्ट्रीय सुटी असते. त्या दिवशी आणि शनिवार-रविवारी पाय ठेवायला जागा नसते. सोमवार ते गुरुवार यांतले दोन दिवस पदरात पाडून घ्या, आणि शक्यतो सुरुवातीचे. उन्हाने मूर्तींच्या कडा झिजतात, मध्येच हवा गरम झाली तर बारकावे पुसले जातात. उत्सव संपल्यावर दुसऱ्याच दिवशी यंत्रं लावून मोठ्या मूर्ती पाडतात, म्हणून ‘शेवटी उरल्यासुरल्या पाहू’ हा विचार मनातून काढून टाका.

मुख्य जागा ओदोरी पार्क. शहराच्या मधोमध दीड किलोमीटर लांबीचा हा हिरवा पट्टा हिवाळ्यात पांढरा होतो. पूर्वेच्या टोकाला साप्पोरोचा टीव्ही टॉवर आहे, तिथून पश्चिमेकडे ‘चोमे’ म्हणजे चौकाचौकाने क्रमांक वाढत जातात. सर्वांत मोठ्या मूर्ती पंधरा मीटरपर्यंत उंच असतात, म्हणजे चार-पाच मजली इमारतीएवढ्या. त्यांचं काम महिनाभर आधी सुरू होतं. शहराबाहेरून ट्रकांनी स्वच्छ बर्फ आणायचा, तो साच्यात दाबून भरायचा, साचा काढून वरून खाली कोरत यायचं, आणि नाजूक भाग वेगळे करून पाणी मिसळलेल्या बर्फानेच चिकटवायचे. हे समजून घेऊन पाहिलं की नजर नुसती उंचीवर न राहता कामावर जाते.

मोठ्या मूर्तींपुढे गर्दी थांबते, फोटो होतात आणि बहुतेक जण तिथूनच मागे फिरतात. तसं करू नका. पश्चिमेकडच्या चौकांत साप्पोरोच्या नागरिकांनी केलेल्या माणसाच्या उंचीच्या छोट्या मूर्तींची ओळच्या ओळ असते. कुणी ऑफिसातल्या मित्रांनी मिळून केलेली, कुणी घरच्यांनी. उत्सव मुळात शाळकरी मुलांच्या हातून जन्मला, आणि त्याचा तो जीव मला या ओळीत सर्वांत जास्त जाणवतो. अकराव्या चोमेला आंतरराष्ट्रीय स्पर्धेतली शिल्पं असतात. उत्सवाच्या पहिल्या दिवसांत गेलात तर चमू प्रत्यक्ष काम करताना दिसतील.

सूर्य पाचच्या आत मावळतो आणि मूर्तींवर दिवे लागतात. रोषणाई रात्री दहापर्यंत असते. एक फेरी सकाळी नऊ-दहाच्या सुमारास आणि एक अंधार पडल्यावर, अशा दोन फेऱ्या करा. सकाळी बर्फावरचं कोरीवकाम स्पष्ट दिसतं, रात्री रंग आणि सावल्या. गर्दीच्या वेळी एकाच दिशेने चालायला सांगतात, त्यामुळे राहिलेल्या मूर्तीसाठी उलटं वळणं जमत नाही; पुढे जाऊन वळसा घालावा लागतो.

दुसरी जागा सुसुकिनो. ओदोरीहून दक्षिणेला चालत दहा मिनिटांवर असलेली ही खाण्यापिण्याची आणि रात्रभर जागी राहणारी वस्ती. इथल्या मूर्ती हिमाच्या नसून पारदर्शक, घट्ट बर्फाच्या असतात. काहींमध्ये अख्खे मासे आणि खेकडे गोठवलेले दिसतात. अर्ध्या तासात त्या पाहून होतात. रात्रीचं जेवण याच भागात ठेवा. मुलांसाठीची तिसरी जागा २०२४ पर्यंत शहराच्या ईशान्येला त्सुदोम इथे असायची.   रबरी ट्यूबवर बसून घसरण्याची बर्फाची मोठी घसरगुंडी हे तिथलं आकर्षण होतं.   

आता या शहराची एक मोठी सोय, जी पाहुण्यांना उशिरा कळते. साप्पोरो स्टेशनपासून ओदोरीपर्यंत आणि तिथून सुसुकिनोपर्यंत जमिनीखालून चालत जाता येतं. स्टेशन आणि ओदोरी यांमधला ‘चिकाहो’ हा रुंद भुयारी मार्ग २०११ साली खुला झाला. ओदोरीपासून पुढे ‘पोल टाउन’ आणि टीव्ही टॉवरकडे ‘ऑरोरा टाउन’ या भुयारी बाजारपेठा १९७१ पासून आहेत. आत ऊब, बसायला जागा, खाण्याची दुकानं आणि स्वच्छतागृहं. दर दोन-तीन चौकांनंतर खाली उतरा, बोटं पूर्ववत झाली की वर या. बरोबर वयस्कर माणसं असतील तर हॉटेल या भुयारी मार्गाच्या जवळचंच घ्या, मग ते थोडं महाग पडलं तरी चालेल.

कपड्यांच्या बाबतीत एकच जाड कोट घेऊन भागत नाही. दुकानं, गाड्या, हॉटेलं आतून चांगलीच तापवलेली असतात. आत शिरल्यावर घाम येतो आणि तो घाम बाहेर आल्यावर अंगावर गार होतो. म्हणून अंगालगत थर्मल, त्यावर लोकर किंवा फ्लीस, आणि वर वारा व पाणी अडवणारं जाकीट, असे पटकन काढता-घालता येतील असे थर हवेत. कान झाकणारी टोपी, हातमोजे आणि लोकरी मोज्यांचे दोन जोड जवळ असू द्या. ‘कायरो’ नावाच्या गरम होणाऱ्या पुड्या तिथल्या कुठल्याही किराणा-औषधांच्या दुकानात मिळतात. एक खिशात आणि एक पाठीला, कपड्यावरून लावायची, थेट त्वचेवर नाही. मोबाइल आतल्या खिशात ठेवा. थंडीत बॅटरी भराभर उतरते.

खरा धोका थंडीचा नाही, घसरण्याचा आहे. हजारो पावलांखाली दबलेला बर्फ रात्री गोठून गुळगुळीत होतो. आपले रोजचे स्पोर्ट्स शूज तिथे अजिबात उपयोगाचे नाहीत. खोल खाचांचे, पाणी आत न जाणारे बूट घ्या, किंवा बुटांवर चढवायचे काढता-घालता येणारे खिळ्यांचे पट्टे साप्पोरोला पोहोचल्यावर विकत घ्या. ते स्टेशनात आणि चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानांत मिळतात. मात्र इमारतीत शिरताना ते काढा, फरशीवर त्यांनीच पाय सटकतो. छोटी पावलं टाका, पूर्ण तळवा टेका, हात खिशात घालू नका. चौकाचौकांत खडीच्या पिशव्या ठेवलेल्या पेट्या दिसतील. ती खडी निसरड्या जागी पसरायला कुणीही घ्यावी, म्हणूनच ठेवलेली असते. छपराच्या कडेखालून चालणं टाळा. बर्फाची लादी कधीही खाली येते.

इतकं चालल्यावर पहिली वाटी मिसो रामेनची. आंबवलेल्या सोयाबीनच्या मिसोचा रस्सा घातलेल्या या शेवया साप्पोरोतच जन्मल्या, १९५० च्या दशकात, ओमिया मोरितो यांच्या ‘आजी नो सानपेई’ या दुकानात. पिवळसर, कुरळ्या, चिवट शेवया. मोठ्या आचेवर परतलेले कांदा आणि मोड. वर डुकराच्या मांसाचे काप आणि हवं तर लोणी व मक्याचे दाणे. रश्शावर चरबीचा पातळ थर असतो, तो वाफ कोंडून ठेवतो. वाटीतून वाफ दिसत नाही म्हणून घाईने पहिला घोट घ्याल तर जीभ भाजेल. सुसुकिनोत ‘रामेन योकोचो’ ही अरुंद गल्ली आहे, दोन्ही बाजूंना रामेनची छोटी दुकानं. बऱ्याच ठिकाणी दारातच यंत्र असतं. त्यात आधी पैसे टाकून चिठ्ठी काढायची आणि ती आत द्यायची. शेवया ओढताना आवाज झाला तरी वाईट दिसत नाही. खाऊन झाल्यावर गप्पा मारत बसणं मात्र बरं नव्हे, बाहेर रांग थंडीत उभी असते.

पण मराठी माणसाला साप्पोरोत सर्वांत जवळचं वाटेल ते ‘सूप करी’. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘अजंता’ नावाच्या तिथल्या एका छोट्या कॅफेने औषधी मसाल्यांची पातळ करी द्यायला सुरुवात केली. पुढे १९९० च्या दशकात ‘मॅजिक स्पाइस’ या दुकानाने ‘सूप करी’ हे नाव रूढ केलं आणि आता शहरात तिची असंख्य दुकानं आहेत. जपानात इतरत्र मिळणारी करी दाट आणि गोडसर असते. ही मात्र पातळ, जिरं-धणे-लवंगेचा वास असलेली. आपल्या कोल्हापुरी रश्शाला ओळखीची वाटावी अशी. त्यात कोंबडीची अख्खी तंगडी, तळलेला भोपळा, गाजर, बटाटा, वांगं, ढोबळी मिरची, सगळं मोठ्या तुकड्यांत. भात वेगळा येतो. भातावर रस्सा ओतायचा नाही. चमच्यात भात घेऊन तो रश्शात बुडवून खायचा. मागवताना रस्सा कुठला, तिखटाची पातळी किती आणि भात किती, हे क्रमाने विचारतात. तिखटाची पातळी अंकांनी सांगायची. प्रत्येक दुकानाचं माप निराळं असतं, तेव्हा पहिल्यांदा मधली पातळी घ्या. तिखट खायची सवय असलेल्यांना ती सौम्य वाटेल, पण रश्शातले इतर मसाले तिच्यामुळेच कळतात.

मटण खाणाऱ्यांनी ‘जिंगिसुकान’ चुकवू नये. मध्ये घुमटासारखा फुगीर लोखंडी तवा. घुमटावर मेंढीच्या मांसाचे पातळ काप आणि कडेच्या खळगीत कांदा, मोड, भोपळा. मांसाची चरबी ओघळत खाली येते आणि भाज्या तिच्यात शिजतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जपानी सरकारने लोकरीसाठी होक्काइदोत मेंढीपालन वाढवलं, आणि पुढे तिथल्या लोकांना मेंढीचं मांस आवडू लागलं. आज बरंचसं मांस ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडहून येतं, तरी हा पदार्थ बेटाचाच मानला जातो. काही ठिकाणी मांस आधी मुरवलेलं असतं, काही ठिकाणी भाजून मग चटणीत बुडवतात. दुसरा प्रकार साप्पोरोत जास्त. धुराचा वास कपड्यांत दिवसभर राहतो, म्हणून कोट ठेवायला दुकानदार प्लॅस्टिकची पिशवी देतात. ती नक्की वापरा.

कोकण-गोव्याच्या वाचकांना मासळीबद्दल वेगळं सांगायला नको. ओदोरीपासून चालत जाता येईल असा निजो बाजार आहे. सकाळी लवकर गेलात तर गरम भातावर कच्च्या मासळीचे काप, शिंपल्यांतला गर आणि साल्मनची केशरी अंडी घातलेलं ‘काइसेनदोन’ मिळेल. हिवाळा खेकड्यांचा: केसाळ कवचाचा ‘केगानी’, लांब पायांचा ‘झुवाई’, भला मोठा ‘ताराबा’. बाजारात मागण्याआधी वजन आणि दर दोन्ही विचारून घ्या, खेकड्याचं बिल पटकन फुगतं. कच्चं खाणं झेपत नसेल तर साल्मन, कोबी, कांदा आणि टोफू मिसोत शिजवलेलं ‘इशिकारी नाबे’ मागवा. बर्फातून आल्यावर त्यासारखं सुख नाही.

उत्सवातल्या ठेल्यांवर भुकेपेक्षा उबेसाठी खायचं: ‘जागाबाता’ म्हणजे वाफवलेला बटाटा आणि त्यावर वितळणारं लोणी, बटाट्याच्या पिठाची खरपूस ‘इमोमोची’, तळलेल्या कोंबडीचे ‘झांगी’, आणि तांदळाचं गरम गोड ‘आमाझाके’. जपानातल्या बटाट्यांपैकी बहुतांश याच बेटावर पिकतात, आणि निम्म्याहून अधिक दूधही इथलंच, त्यामुळे साध्या बटाटा-लोण्याची चवही लक्षात राहते. ठेल्यांवर येनच्या नाणी-नोटा जवळ ठेवा. चालता चालता न खाता ठेल्याजवळच उभं राहून खायचं आणि कचरा तिथल्याच डब्यात वर्गवारीने टाकायचा. आणि उणे तापमानातसुद्धा होक्काइदोचं सॉफ्ट आइस्क्रीम खाऊन पाहा. साप्पोरोत तर रात्रीच्या जेवणानंतर शेवट म्हणून मोठा पार्फे खायची रीतच पडली आहे.

शाकाहारी वाचकांना मात्र मी स्पष्ट सांगायला हवं. इथे वाट सोपी नाही. अडचण मांसाच्या तुकड्याची नसून रश्शाची आहे. जपानी स्वयंपाकाचा पाया असलेला ‘दाशी’ बहुधा सुकवलेल्या बोनितो माशाचा असतो, रामेनचा रस्सा डुकराच्या किंवा कोंबडीच्या हाडांचा, आणि भाज्यांच्या सूप करीतही रस्सा कोंबडीचा असू शकतो. करीच्या तयार वड्यांत गोमांसाची चरबी असते. जागाबातावर काही ठेल्यांत माखलीचं खारवलेलं ‘शिओकारा’ घालतात. ते नको, असं आधीच सांगा. ‘मांस नको’ एवढं म्हणून भागत नाही. मांस, मासे, दाशी आणि हाडांचा रस्सा यांतलं काहीच चालत नाही, असं सविस्तर जपानीत लिहिलेलं कार्ड निघण्यापूर्वी तयार करून घ्या आणि मागवण्याआधी दाखवा. शाकाहारी रस्सा वेगळा ठेवणारी सूप करीची दुकानं शोधली तर मिळतात. त्यांची नावं आधीच नोंदवून ठेवा. साप्पोरोत भारतीय उपाहारगृहंही आहेत. शिवाय बॅगेत खाकरे, मेतकूट, झटपट पोहे-उपमा असू द्या. हॉटेलच्या खोलीत गरम पाण्याची किटली बहुधा असते. ताजी फळं, भाज्या आणि मांसाचे पदार्थ मात्र बरोबर नेऊ नका, जपानच्या विमानतळावर ते अडवतात. सर्दीच्या औषधांचंही पाहून घ्या. स्यूडोएफेड्रिनचं प्रमाण जास्त असलेल्या गोळ्या आणि नाकात ओढायची काही औषधं तिथे बंदीखाली येतात. घरच्या डॉक्टरांना विचारून पर्याय न्या.

हॉटेलं सहा महिने आधी भरू लागतात आणि उत्सवाच्या आठवड्यात दर खूप चढतात. साप्पोरोत जागा मिळाली नाही तर ओतारु किंवा विमानतळाजवळचं चितोसे पाहा. दोन्हीकडून रेल्वेने साधारण पाऊण तासात साप्पोरो गाठता येतं. ओतारुला तर मी मुक्काम नसला तरी एक संध्याकाळ द्यायला सांगेन. त्याच दिवसांत तिथे १९९९ पासून ‘युकी आकारी नो मिची’ हा दिव्यांचा उत्सव भरतो. जुन्या कालव्याच्या पाण्यावर आणि काठच्या बर्फात मेणबत्त्या तेवत असतात. साप्पोरोच्या भव्यतेनंतर तो लहानसा उत्सव फार जवळचा वाटतो. दुपारी ओतारुच्या सुशीच्या दुकानांत जेवून अंधार पडेपर्यंत थांबा.

भारतीय पारपत्रधारकांना जपानचा व्हिसा लागतो, तो नोव्हेंबर-डिसेंबरातच मार्गी लावा. तोक्योहून शिन चितोसे विमानतळ विमानाने दीड तासावर, आणि तिथून साप्पोरोला जलद रेल्वेने चाळीसेक मिनिटं. बर्फवृष्टीने हे वेळापत्रक कोलमडू शकतं. २०२२ च्या फेब्रुवारीत इतका बर्फ पडला की साप्पोरोत ये-जा करणाऱ्या सगळ्या गाड्या बंद ठेवाव्या लागल्या. म्हणून होक्काइदोहून निघण्याचा दिवस आणि भारताकडचं विमान यांत किमान एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा. तो तोक्योत घालवता येतो. विमानतळावर तीन तास आधी पोहोचलात तरी वेळ वाया जात नाही. तिथे ‘रामेन दोजो’ या दालनात होक्काइदोतल्या नामांकित रामेन दुकानांच्या शाखा एकत्र आहेत, आणि घरी न्यायला ‘शिरोई कोइबितो’ बिस्किटं, रोक्कातेईचे लोणी-मनुक्यांचे सँडविच, रॉइसचं मऊ चॉकलेट मिळतं. अंडं किंवा मद्यार्क चालत नसेल तर खोक्यावरची घटकांची यादी मोबाइलच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून वाचा. मऊ चॉकलेटला थंडावा लागतो. मुंबईपर्यंतच्या प्रवासासाठी दुकानातूनच थंड पिशवी मागून घ्या.